‘शुक्रवारी शाळेत येऊ नका’ असं वर्गातल्या मुलानं लिहिलं, तर कुणाला आणि कसं सांगायचं?

प्रश्न: आम्ही मिशिगनमध्ये ट्रॉयला राहतो. मोठा मुलगा नववीत आहे. त्याच्या वर्गातल्या एका मुलानं मुलांच्या डिस्कॉर्ड ग्रुपवर “शुक्रवारी शाळेत येऊ नका” असं लिहून खाली पिस्तुलाचं चित्र टाकलं. बाकीच्यांनी ते हसण्यावारी नेलं. माझ्या मुलानं मला दाखवलं, पण “आई, कुणाला सांगू नकोस, तो असंच काहीतरी बोलत असतो” म्हणून शपथ घातली. तो मुलगा जेवणाच्या सुट्टीत एकटाच बसतो म्हणे. माझे मिस्टर म्हणतात, आपण इथे व्हिसावर आलेली माणसं, दुसऱ्याच्या मुलाच्या भानगडीत कशाला पडायचं? आणि गंमत असली तर त्या पोराचं आयुष्य उगाच खराब होईल. दुसरं म्हणजे, धाकटा शेजारच्या मित्राकडे रात्री राहायला जायचं म्हणतोय आणि त्यांच्याकडे बंदुका आहेत. त्यांना काही विचारलं तर बरं दिसेल का?

उत्तर:

पुढचं वाचण्याआधी शाळेला फोन करा. प्रिन्सिपल किंवा काउन्सेलर, जे भेटतील त्यांच्याशी प्रत्यक्ष बोला. नुसती ई-मेल पाठवू नका, ती कधी उघडली जाईल याचा नेम नाही. शाळा सुटली असेल तर ओके-टू-से या सेवेला कळवा. ती मिशिगन राज्याचे पोलीस चालवतात, दिवसरात्र सुरू असते, फोनवरून किंवा मेसेज करून सांगता येतं आणि सांगणाऱ्याचं नाव गुप्त ठेवलं जातं. त्या मुलाच्या हातात आत्ता बंदूक आहे किंवा तो ती घेऊन निघालाय असं काही कळलं, तर मात्र थेट ९११ या आणीबाणीच्या नंबरवर.

ग्रुपवरच्या मजकुराचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. त्यात तारीख, वेळ आणि ग्रुपचं नाव दिसू द्या, कारण मुलं असा मजकूर घाबरून पुसून टाकतात. तो स्क्रीनशॉट पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र अजिबात टाकू नका. एकदा तो फिरायला लागला की तासाभरात त्या मुलाचं नाव, घर, आईवडील सगळं गावभर होतं, आणि ज्यांनी शांतपणे चौकशी करायची त्यांचा सगळा वेळ अफवा निस्तरण्यात जातो. शाळेला सांगताना जे डोळ्यांनी पाहिलं आणि मुलाकडून ऐकलं तेवढंच सांगा. “विचित्रच आहे तो”, “घरचं वातावरण बरोबर नसणार” असले शेरे नकोत. अमेरिकेतल्या शाळांमध्ये काळ्या मुलांना आणि स्पेशल एज्युकेशनमधल्या मुलांना त्याच चुकीसाठी जास्त कडक शिक्षा होते, हे जुनं दुखणं आहे. आपण जोडलेलं एखादं विशेषण त्या मुलाला फार महागात पडू शकतं.

मी अमेरिकेतल्या सरकारी शाळांमध्ये बरीच वर्षं स्कूल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते आणि अशा धमक्यांची शहानिशा करणाऱ्या टीममध्ये बसते. तुमच्या मिस्टरांनी विचारलेला प्रश्न मला मराठी घरांमधून वारंवार ऐकू येतो आणि त्यामागची भीती मी समजू शकते. त्याचं उत्तर देण्यासाठी तुमच्याच ओकलंड काउंटीत जे घडलं ते आधी नीट सांगायला हवं.

ऑक्सफर्ड हे गाव तुमच्यापासून फार लांब नाही. ३० नोव्हेंबर २०२१ ला तिथल्या हायस्कुलात १५ वर्षांच्या एका विद्यार्थ्यानं चार विद्यार्थ्यांना ठार केलं आणि एका शिक्षिकेसह सात जणांना जखमी केलं. गेलेली मुलं १४, १६, १७ आणि १७ वर्षांची होती. गोळ्या झाडणाऱ्याचं नाव मी कधीच घेत नाही, आणि तुम्हीही मुलांसमोर घेऊ नका. प्रसिद्धीची हाव हे अशा हल्ल्यांमागचं एक कारण असतं.

त्याआधीचे चार दिवस पाहा. २६ तारखेला, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, वडिलांनी मुलाला सोबत नेऊन ९ एमएमचं पिस्तूल विकत घेतलं. दुसऱ्या दिवशी आईनं त्याला सरावासाठी शूटिंग रेंजवर नेलं. सोमवारी, २९ तारखेला, तो वर्गात फोनवर काडतुसं शोधत असताना एका शिक्षिकेनं पाहिलं. शाळेनं आईला निरोप ठेवला. आईनं मुलाला मेसेज केला, त्याचा आशय असा की मी रागावले नाहीये, पकडलं न जायला शिकलं पाहिजेस. मंगळवारी सकाळी दुसऱ्या एका शिक्षिकेला त्याच्या गणिताच्या कागदावर पिस्तुलाचं आणि रक्तबंबाळ माणसाचं चित्र दिसलं. शेजारी लिहिलं होतं की डोक्यातले विचार थांबत नाहीत, मला मदत करा.

मला मदत करा, असं त्या मुलानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं.

आईवडिलांना शाळेत बोलावलं गेलं. काउन्सेलरनी सांगितलं की ४८ तासांच्या आत याला तज्ज्ञाकडे न्या, शक्यतो आजच. आईवडील म्हणाले, आम्हाला कामावर परतायचं आहे. घरात चार दिवसांपूर्वी पिस्तूल आलंय हे त्यांनी त्या खोलीत सांगितलं नाही. काउन्सेलरना वाटलं, हा मुलगा स्वतःच्या जिवाचं काही बरंवाईट करेल, तेव्हा घरी एकटा राहण्यापेक्षा तो शाळेत माणसांमध्ये असलेला बरा. हेतू वाईट नव्हता. मुलगा वर्गात परत गेला. त्याचं दप्तर कुणी उघडून पाहिलं नाही, आणि पिस्तूल त्या दप्तरातच होतं. दुपारी एक वाजायच्या आत गोळीबार सुरू झाला.

या गोष्टीत एकालाही काहीच माहीत नव्हतं असं झालं नाही. एका शिक्षिकेनं काडतुसांची शोधाशोध पाहिली होती, दुसरीनं चित्र पाहिलं होतं, काउन्सेलरनी त्याचं दुःख पाहिलं होतं, आईवडिलांना पिस्तूल माहीत होतं. या चार गोष्टी एका टेबलावर एकत्र आल्या नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या स्वतंत्र चौकशी अहवालानं म्हटलं की शाळेकडे धमकीची शहानिशा करण्याची पद्धत कागदावर होती, ती वापरली गेली नाही, आणि वापरली असती तर हा प्रसंग टळू शकला असता. २०२४ मध्ये ज्यूरीनं आधी आईला आणि मग वडिलांना सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवलं आणि दोघांना प्रत्येकी १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. मुलानं शाळेत केलेल्या सामूहिक गोळीबारासाठी आईवडिलांना असं दोषी धरण्याची अमेरिकेतली ती पहिली वेळ.

ऑक्सफर्ड अपवाद नाही. कोलंबाईन हायस्कूलच्या १९९९ मधल्या हल्ल्यानंतर सीक्रेट सर्व्हिस आणि शिक्षण खात्यानं मिळून शाळांमधल्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास केला आणि २००२ मध्ये अहवाल काढला. ८१ टक्के हल्ल्यांमध्ये किमान एका माणसाला आधी कल्पना होती, आणि ती माणसं बहुतेक करून त्याच वयाची मुलंच होती: मित्र, वर्गमित्र, भावंडं. ९३ टक्के हल्लेखोरांच्या वागण्यानं आधीच कुणीतरी काळजीत पडलेलं होतं. दोनतृतीयांशहून जास्त जणांना बंदूक स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या घरातून मिळाली होती. २०२१ मध्ये सीक्रेट सर्व्हिसनं उलट बाजूनं अभ्यास केला, म्हणजे जे हल्ले होता होता टळले अशा ६७ कटांचा. ते टळले कशामुळे? बहुतेक वेळा कुणीतरी काही ऐकलं, वाचलं किंवा पाहिलं, आणि ते मोठ्या माणसाला जाऊन सांगितलं. सांगणाऱ्यांमध्ये सर्वात जास्त मुलंच होती.

तुमच्या मुलानं तेच केलं आहे. त्यानं फोन तुमच्या हातात दिला. शपथ घातली ती मित्रांमध्ये आपलं नाव खराब होईल या धास्तीपोटी, पण ते ओझं एकट्यानं वाहणं त्याला झेपत नव्हतं म्हणून तर तो तुमच्याकडे आला. तेव्हा त्याच्या पाठीमागे गुपचूप कळवू नका. त्याला समोर बसवून सांगा: “तू मला दाखवलंस ते फार बरं केलंस. मी हे शाळेला सांगणार आहे. तुझं नाव मुलांपर्यंत जाऊ नये असं मी त्यांना आधीच बजावीन. फोन करताना तुला शेजारी बसायचं असेल तर बस.” तो चिडेल, एखाददिवस बोलणार नाही. चालेल. ज्यात कुणाच्या जिवाला धोका असू शकतो अशी गुपितं या घरात पाळली जात नाहीत, हे मुलांना एकदा स्वच्छ कळलं की पुढच्या वेळी ती शपथ न घालता येतात.

आता त्या दुसऱ्या मुलाच्या आयुष्याबद्दल. तुमचा फोन गेल्यावर शाळेत काय व्हायला हवं ते सांगते, म्हणजे मनातली धाकधूक कमी होईल. व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ड्यूई कॉर्नेल यांनी २००१ पासून धमकीची शहानिशा करण्याची एक पद्धत विकसित केली आणि ती आता देशभर वापरली जाते. २०१३ मध्ये व्हर्जिनियानं अशी टीम प्रत्येक सरकारी शाळेत असलीच पाहिजे असा कायदा केला, असं करणारं ते पहिलं राज्य. तिथेच २००७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जण मारले गेले होते, त्यात भारतातून गेलेले एक प्राध्यापक आणि मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनीही होती.

टीममध्ये साधारण प्रिन्सिपल, काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट आणि शाळेला जोडलेला पोलीस अधिकारी असतात. आम्ही आधी त्या मुलाशी बोलतो. तू नेमकं काय लिहिलंस, का लिहिलंस, वाचणाऱ्याला काय वाटलं असेल, हे विचारतो. साक्षीदार मुलांशी बोलतो. घरी फोन करतो. रागाच्या भरात तोंडातून निघालेलं वाक्य आणि खरा बेत, यांतला फरक आम्हाला शोधायचा असतो. कुणाला, कुठे, कधी, कशानं, याची जुळवाजुळव झालेली आहे का? हत्यार मिळण्याजोगं आहे का? आधी काही सराव, काही शोधाशोध? मुलाला जगण्यात रस उरला आहे का? हा शेवटचा प्रश्न मी कधीच सोडत नाही. ऑक्सफर्डच्या मुलाचा एकुलता जवळचा मित्र काही आठवड्यांपूर्वीच दुरावला होता, आणि आपल्याला भास होतात असं त्यानं महिनोन्‌महिने आधी घरी कळवलं होतं.

माझ्या टीमसमोर येणाऱ्या बहुतेक धमक्या पोकळ निघतात. मग माफी, समज, थोडी शिक्षा आणि पुढे लक्ष. जिथे काही खरं निघतं तिथे पालकांना सांगून घरातली हत्यारं त्याच दिवशी हलवली जातात, उपचार सुरू होतात, आणि मुलाला शाळेतल्या एका ठरावीक मोठ्या माणसानं रोज सकाळी भेटायचं, एवढं तरी नक्की केलं जातं. यातला शेवटचा भाग लोकांना किरकोळ वाटतो. माझ्या मते तो सगळ्यांत मोलाचा आहे. शाळेतून काढून टाकलेला मुलगा घरी एकटा बसतो, त्याचा राग वाढतो आणि त्याच्यावर कुणाचीच नजर राहत नाही. फ्लोरिडातल्या पार्कलंडला २०१८ मध्ये गोळीबार करणारा हल्लेखोर ज्या शाळेत शिरला त्या शाळेतून तो आधीच बाहेर काढला गेलेला होता. म्हणून काढून टाकणं म्हणजे सुरक्षितता, हे मला पटत नाही. मात्र एक गोष्ट तुमच्यापासून लपवणार नाही: शाळेला धमकी देणं हा मिशिगनमध्ये गुन्हा आहे आणि काही वेळा पोलीस केस होते. तरीही, शाळेनं बुधवारी या मुलाशी बोलणं आणि पोलिसांनी शुक्रवारी त्याच्या घरी जाणं, यांत त्या मुलाचं हित कशात आहे ते तुम्हीच पाहा. लवकर सांगितलं तर सौम्य उपाय हातात असतात.

व्हिसाचं म्हणाल, तर शाळेला खरी काळजी कळवण्याचा आणि तुमच्या इमिग्रेशनच्या कागदांचा काहीएक संबंध नाही. आणि आपण बाहेरचे, या विचाराबद्दल मिस्टरांना कॅन्ससमधल्या ओलेथ गावाची आठवण करून द्या. २२ फेब्रुवारी २०१७ ला तिथल्या एका बारमध्ये श्रीनिवास कुचिभोटला आणि त्यांचा सहकारी बसले होते. एका माणसानं त्यांना शिवीगाळ केली, त्याला बाहेर काढलं गेलं, तो बंदूक घेऊन परत आला आणि ‘माझ्या देशातून चालते व्हा’ म्हणत गोळ्या झाडल्या. श्रीनिवास गेले. तिथे बसलेला इयन ग्रिलट नावाचा २४ वर्षांचा तरुण, ज्याची या दोघांशी ओळखही नव्हती, तो हल्लेखोराच्या मागे धावला आणि हातात आणि छातीत गोळी लागून पडला. तो वाचला. पुढे ह्यूस्टनच्या भारतीय समाजानं पैसे जमवून त्याच्या घरासाठी मदत केली. दोन परक्या माणसांसाठी तो जिवावर उदार झाला. तुमच्याकडून तर फक्त एक फोन हवा आहे.

एक फोन म्हणाले, पण खरं तर दोन. पार्कलंडच्या हल्ल्याच्या सुमारे सहा आठवडे आधी, ५ जानेवारी २०१८ ला, हल्लेखोराला ओळखणाऱ्या एका व्यक्तीनं एफबीआयला फोन करून त्याच्याकडच्या बंदुका, त्याचं वागणं, शाळेत गोळीबार करेल अशी भीती, सगळं सांगितलं होतं. ती माहिती मायामीच्या कार्यालयापर्यंत पोचलीच नाही. १४ फेब्रुवारीला १७ जण गेले. सांगणाऱ्यानं आपलं काम चोख केलं होतं. म्हणून मी पालकांना सांगते, कळवल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करा आणि विचारा: टीम बसली का? मुलाशी आणि त्याच्या घरच्यांशी बोलणं झालं का? तो काय म्हणाला हे तुम्हाला सांगणार नाहीत, सांगूही नये, कारण त्याच्या खासगीपणाला कायद्याचं संरक्षण आहे. पण ‘शहानिशा पूर्ण झाली का, शुक्रवारसाठी काय व्यवस्था केली’ याचं उत्तर त्यांना देता येतं. ते टाळाटाळ करत असतील तर स्कूल डिस्ट्रिक्टच्या सुपरिटेंडंटच्या कार्यालयात फोन लावा.

तो मुलगा एकटा बसतो असं तुम्ही लिहिलंय. इथे थोडं सावध बोलते. एकटं राहणारी, गप्प राहणारी मुलं धोकादायक नसतात, त्यांतली जवळजवळ सगळी फक्त एकटी असतात. आणि तुमच्या मुलानं त्याच्याशी मैत्री करून त्याला सावरावं, ही अपेक्षाही धरू नका. ते चौदा वर्षांच्या पोराचं काम नाही. ‘तुम्ही त्याच्याशी नीट वागला असतात तर’ असं हल्ल्यानंतर मुलांना ऐकवलं जातं, आणि ते फार क्रूर आहे. टेबलावर जागा देणं, चेष्टा चालली असेल तिथे न हसणं, एवढं मुलं करू शकतात. बाकीचं मोठ्यांनी करायचं.

आता धाकट्याचं. विचारा, अगदी निःसंकोच विचारा. अमेरिकेत दर दहापैकी साधारण चार प्रौढ माणसं बंदूक असलेल्या घरात राहतात. एका पाहणीनुसार सुमारे ४६ लाख मुलं अशा घरांत राहतात जिथे किमान एक बंदूक गोळ्या भरलेली आणि बिनकुलपाची असते. २०२० पासून या देशात एक वर्षावरच्या लहान आणि किशोरवयीन मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक आहे. गाड्यांच्या अपघातांच्याही पुढे. इथले बालरोगतज्ज्ञ स्वतःच पालकांना सांगतात की मूल दुसऱ्याच्या घरी जाण्याआधी हा प्रश्न विचारा.

तुमचे शेजारी बहुधा शिकारी असतील. मिशिगनमध्ये १५ नोव्हेंबरला बंदुकीनं हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो आणि कित्येक घरांत तो सणासारखा पाळला जातो. आजोबांनी नातवाला रायफल कशी धरायची ते शिकवलेलं असतं. ही माणसं बंदुकीच्या बाबतीत बऱ्याचदा आपल्यापेक्षा जास्त शिस्तीची असतात. त्यांना गुन्हेगार समजून विचारू नका. ‘बंदूक आहे का’ यापेक्षा ‘कुलपात आहे का’ हे विचारणं सोपं जातं. कुत्र्याची भीती किंवा शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी जशी सहज सांगतो त्याच ओघात म्हणा: “पहिल्यांदाच रात्री राहतोय, म्हणून विचारते. त्याला शेंगदाणे चालत नाहीत. आणि घरात बंदुका असतील तर त्या कुलपात असतात ना? मी सगळ्यांनाच विचारते.” मेसेजवर विचारलं तरी चालेल. समोरचा मनाला लावून घेईल ही भीती मलाही पूर्वी ऐकू यायची, पण मी ज्या पालकांना विचारायला लावलं त्यांच्यातल्या बहुतेकांना ‘बरं झालं विचारलंत’ असंच उत्तर मिळालं.

कुलपात म्हणजे कशी, तेही माहीत असू द्या. गोळ्या काढलेली, कुलूपबंद, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि किल्ली किंवा कोड मुलांना ठाऊक नाही. कपाटाच्या वरच्या फळीवर, चादरींखाली ठेवलेली बंदूक लपवलेली नसते. घरात कुठे काय ठेवलंय हे मुलांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. १३ फेब्रुवारी २०२४ पासून मिशिगनमध्ये, जिथे अल्पवयीन मुलं असण्याची शक्यता आहे तिथे लक्षाविना ठेवलेली बंदूक कुलूपबंद पेटीत ठेवणं, किंवा रिकामी करून तिला कुलूप लावणं कायद्यानं बंधनकारक आहे. बरोबर वर्षभरापूर्वी, १३ फेब्रुवारी २०२३ ला, मिशिगन स्टेट विद्यापीठात तीन विद्यार्थी मारले गेले होते. शेजाऱ्यांचं उत्तर पटलं नाही तर वाद घालू नका. त्यांच्या मुलाला तुमच्याकडे राहायला बोलवा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण याच विषयातली एक गोष्ट बोलल्याशिवाय मला राहवत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीनं ४६ हजारांहून जास्त माणसं गेली. त्यातल्या २७ हजारांहून जास्त आत्महत्या होत्या. बातम्यांत शाळा आणि मॉल दिसतात, पण बंदूक सर्वात जास्त वेळा वापरली जाते ती स्वतःवर, बंद दाराआड. आत्महत्येचा झटका बऱ्याचदा थोड्या वेळाचा असतो. इतर मार्गांनी प्रयत्न केलेली बहुसंख्य माणसं वाचतात आणि त्यांतली बरीचशी पुढे आपलं आयुष्य जगतात. बंदुकीनं केलेल्या दहा प्रयत्नांपैकी जवळपास नऊ जिवावर बेततात. म्हणून त्या थोड्या वेळात बंदूक हाताशी नसणं, एवढ्यावर माणूस जगतो.

आपल्या मराठी घरांत हे बोललं जात नाही. मार्कांवरून खचलेला मुलगा, घटस्फोटानंतर एकट्या अपार्टमेंटमध्ये राहणारा मित्र, एच-वन व्हिसावरची नोकरी गेल्यावर नवी शोधायची ६० दिवसांची मुदत मोजत बसलेला आणि गावी आईवडिलांना काहीच न सांगितलेला सहकारी. अशा माणसाला “सगळं ठीक होईल रे” म्हणू नका. जवळ बसा आणि सरळ विचारा: “जीव द्यावा असं मनात येतं का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, हे पक्कं माहीत आहे. उलट कुणीतरी नाव घेतल्यावर माणूस मोकळा होतो. उत्तर ‘हो’ आलं तर दुसरा प्रश्न: घरात बंदूक आहे का? असेल तर ती काही काळ घराबाहेर कुठे ठेवता येईल ते त्याच्याबरोबर बसून ठरवा. आणि ९८८ या आत्महत्या रोखण्याच्या हेल्पलाइनला फोन करा. जुलै २०२२ पासून हा नंबर देशभर दिवसरात्र सुरू आहे, त्यावर मेसेजही करता येतो, आणि काळजीत पडलेल्या नातेवाइकानं किंवा मित्रानं फोन केला तरी चालतो.

माणूस ऐकत नसेल आणि धोका खरा वाटत असेल, तर मिशिगनमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून न्यायालयाकडून त्याच्याकडच्या बंदुका तात्पुरत्या काढून घेण्याचा आदेश मागता येतो. घरचे लोक, आजी-माजी जोडीदार, डॉक्टर आणि पोलीस तो अर्ज करू शकतात. शेजारी किंवा मित्र थेट करू शकत नाहीत, त्यांनी पोलिसांकडे जायचं. असा कायदा वीसहून जास्त राज्यांत आहे. आणि काढून घेतलेली बंदूक कुणाच्या ताब्यात आली, तर दयेपोटी ती परत देऊ नये. नॅशव्हिलच्या वॉफल हाउसमध्ये २२ एप्रिल २०१८ ला चार जणांना मारणाऱ्याच्या बंदुका आधी काढून त्याच्या वडिलांकडे दिल्या होत्या. वडिलांनी त्या मुलाला परत दिल्या. २०२२ मध्ये वडील त्यासाठी दोषी ठरले.

तुमच्या मराठी मंडळाच्या एखाद्या कार्यक्रमाआधी अर्धा तास या विषयाला द्यायला लावा, शक्यतो शिकारीचा मोसम सुरू होण्याआधी. स्थानिक पोलिसांना बोलवा, बंदुकीची कुलपं बऱ्याच ठिकाणी ते फुकट वाटतात. मंडळात डॉक्टर पुष्कळ असतील, त्यांच्यापैकी कुणी ‘स्टॉप द ब्लीड’ शिकवायला तयार होईल. वाहणारं रक्त दाबून आणि टुर्निके, म्हणजे घट्ट आवळायचा पट्टा, बांधून कसं थांबवायचं याचं ते छोटं प्रशिक्षण आहे, २०१५ मध्ये सुरू झालं, आणि गाडीच्या अपघातातही तेवढंच उपयोगी पडतं. पालकांसाठी कुणी बोलायला हवं असेल तर मला कळवा, मी झूमवर येईन. आणि शाळेशी बोलणं झालं की, ते काय म्हणाले ते मला लिहा.